पावणेसहाचं टोळकं

काय हो वहिनी, भाऊजींनी म्हणे डब्यांना लेबलं चिकटवली? तुमच्या बाई सांगत होत्या. त्यांच्यावर रागावू नका, मीच विचारलं, आत एवढी आदळआपट कसली चालली आहे म्हणून. तर म्हणाल्या, साहेब फळीवरचे डबे उतरवून आत काय आहे ते वर लिहितायत. अहो, हे काहीच नाही. आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर गॅसचं सिलिंडर किती दिवस पुरतं याची वही घातली होती. मी चहा ठेवला की मागे येऊन उभे. "आधी झाकण ठेव, मग गॅस मोठा कर." म्हटलं, इतकी वर्षं कुणाच्या झाकणाचा चहा पीत होतात? तर घुश्शात बाहेरच्या खोलीत जाऊन बसले, आणि पाच मिनिटांनी परत ओट्याशी हजर.

तिथे नका उभ्या राहू, मुंगळे आहेत. या इकडे, नळाच्या बाजूला.

तर भाऊजी रिटायर झाले ३१ मेला, बरोबर? आणि वाढदिवस १ जून. कुणी सांगायला कशाला हवं? त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जून. शाळेत नाव घालायला नेलं की आई म्हणायची, पेरणीच्या सुमाराला झाला. मास्तर १ जून लिहून मोकळे. आणि नियम असा की जन्म पहिल्या तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी जायचं. म्हणून ३१ मेला ऑफिसंच्या ऑफिसं रिकामी होतात आणि हारवाल्यांची चंगळ होते. आमच्या ह्यांच्या टेकडीवरच्या टोळक्यात चौघांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. किलोभर पेढ्यांत चौघांचं उरकतं.

तेच सांगायला मगाचपासून तुमची वाट बघत होते. भाऊजींना ह्यांच्याबरोबर तळजाईच्या टेकडीवर धाडा. नाही, व्यायामासाठी नाही म्हणत मी. व्यायाम काय, गच्चीवर फेऱ्या मारूनसुद्धा होतो. पण गच्चीवर कोण भेटणार, पाण्याची टाकी?

ह्यांना तुम्ही ओळखताच. लग्नात पंगतीला बसले तरी शेजारच्याशी बोलायचे नाहीत. ऑफिसात लोक आपणहून नमस्कार करायचे, त्यामुळे आपण आधी हात जोडायची सवयच नाही. पहिले काही दिवस टेकडीवर जायचे ते हात मागे बांधून, साइटवर इन्स्पेक्शनला निघाल्यासारखे. परत आले की मी विचारायची, कोण भेटलं? "कोण भेटणार? माणसं होती." मग काय झालं माहितीये का, हे पडले घड्याळाचे गुलाम. पावणेसहा म्हणजे पावणेसहा. आणि टेकडीवर तसलेच आणखी पाचसहा गुलाम. रोज त्याच वळणावर तीच तोंडं. आठवडाभर एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं केलं, मग एक दिवस मान हलवली, आणि मग कधीतरी ह्यांना दहा मिनिटं उशीर झाला, तर समोरून एकानं विचारलं, "आज उशीर?" घरी येऊन मला सांगत होते, "तो कोण मला विचारणारा?" पण सांगताना चेहरा बघायचा होता तुम्ही. दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच दार वाजलं.

तेव्हा स्वभावाचं काही खरं नाही वहिनी. ह्यांना मित्र मिळाले ते घड्याळामुळे. ज्यांना कधीही जाग येईल तेव्हा जायचंय, त्यांनी दहा वर्षं टेकडी चढावी, ओळख होते ती फक्त कुत्र्यांशी.

नावं मात्र विचारू नका. नावं त्यांना एकमेकांची माहीतच नव्हती. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात आपणहून सांगून टाकलं, मी कालव्यांच्या खात्यात अमुक हुद्द्यावर होतो. वाटलं असेल, आता सगळे साहेब म्हणतील. त्यांतले एक एसटीत कंट्रोलर होते, ते म्हणाले, "अस्सं? मग उन्हाळ्यात आमच्या गावाला पाणी का यायचं नाही, सांगा बरं." झालं, त्या दिवसापासून ह्यांचं नाव 'कालवा'. पुढे २०१८च्या सप्टेंबरात दांडेकर पुलापाशी मुठेचा उजवा कालवा फुटला, आठवतं ना, केवढा हाहाकार झाला, लोकांचे संसार वाहून गेले. हे तेव्हा रिटायर होऊन घरी बसलेले. तरी टेकडीवर महिनाभर जबाब ह्यांनीच द्यायचा. भराव कसा खचतो, अस्तर म्हणजे काय, पाणी कुठून झिरपतं. चिडायचे, पण काटक्यांनी मातीत आकृत्या काढून समजवायचेसुद्धा. नोकरीत असताना एवढं मन लावून कुणी ऐकलं नसेल त्यांचं.

ज्यांनी विचारलं ते 'एसटी'. त्यांचा आवाज अजून स्टँडवरचाच. "चला, स्टेडियम-पाण्याची टाकी-मंदिर, लागली आहे," असं ओरडल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. 'कर्नल' आहेत, ते कर्नल नाहीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअरला होते, मिशांमुळे पदवी मिळाली. 'गुगली' आहेत, एका सहकारी बँकेत कॅशियर होते. तळजाईवर सदू शिंदे स्टेडियम आहे ना, तिथे नवा माणूस आला की गुगली त्याचा हात धरून थांबवतात. "शिंदे कोण, माहीत आहेत का? लेगस्पिनर. १९५१, दिल्लीची कसोटी, इंग्लंडच्या सहा विकेटी ९१ धावांत." मग जरा थांबायचं आणि हळू आवाजात, "पवारसाहेबांचे सासरे." क्रिकेटात गम्य नसलेला माणूसही त्या शेवटच्या वाक्याला वळून बघतो. पुढचं ते सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो, शिंदे अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले म्हणून. हे सगळं भाऊजींना ऐकावं लागणार आहे, तयारी ठेवा.

आणि 'हेडबाई'. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. टोळक्यात सुरुवातीला एकट्या बाई. मी? मी रविवारी जाते फक्त. खरं सांगू का, हे गेल्यानंतरचा जो तास असतो ना, तेवढ्या वेळात घर माझं असतं. त्यावर मी पाणी सोडणार नाही. हेडबाईंचं मात्र मला वाईट वाटतं. पुरुष रिटायर होतात ते सगळ्यातूनच होतात. त्या पाऊण तास फिरल्या की घड्याळ बघायला लागतात, नातवाचा डबा असतो. टेकडीवर सगळ्यांच्या आधी उतरणारी बाईच, हे तुम्ही कधीही जाऊन बघा. पण ज्ञान अफाट. फेब्रुवारीत सगळी टेकडी गुलाबी होते ना, ती झाडं म्हणजे उंदीरमारी, वनखात्यानं बाहेरून आणून लावलेली, हे त्यांनीच सांगितलं. मी आपली इतकी वर्षं कौतुकानं फोटो काढत होते.

त्यांची आणि कर्नलची जुंपली होती पावलांवरून. कर्नलच्या मुलानं त्यांना मनगटावरचं ते यंत्र आणून दिलेलं. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत. कमी पडली तर रात्री सोफ्यावर बसून टीव्ही बघता बघता नुसता हात हलवायचे. त्यांच्या बायकोनंच फोडलं हे. हेडबाई वाचून आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, दहा हजार हा आकडा डॉक्टरांचा नव्हेच. टोकियोला ऑलिंपिक झालं, त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९६५ला, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' ठेवलं. पुढे २०१९मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर बायकांची पावलं मोजून पाहिली, सरासरी वय बहात्तर. तर साडेचार हजारांच्या आसपास चालणाऱ्यासुद्धा अगदीच कमी चालणाऱ्यांपेक्षा जास्त जगल्या, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी चालून त्यात काही भर पडलेली दिसली नाही. कर्नल म्हणाले, "त्या बायका होत्या." त्यावर हेडबाईंनी काय उत्तर दिलं ते हे मला सांगायलाच तयार नाहीत. पण तेव्हापासून कर्नल साडेसात हजारांवर थांबतात आणि मिसळीची चौकशी करतात.

अहो, 'कानटोपी'ची गोष्ट सांगितली का तुम्हाला? नाही? मग बसा जरा. कुकर होऊ द्या, भाऊजी मोजतील शिट्ट्या.

हे बारा महिने आकाशी कानटोपी घालणारे गृहस्थ. टेलिफोन खात्यात नोकरी झाली, म्हणून स्वतः फोन बाळगायचे नाहीत. म्हणायचे, जन्मभर लोकांच्या घंटा वाजवल्या, आता मला नको. एका सोमवारी आले नाहीत. मंगळवारी नाहीत. बुधवारी एसटींना राहवेना. म्हणाले, घरी जाऊन बघू. तर घर कुणाला माहीत? कुणालाच नाही. आडनाव? तेही नाही. त्यांची उपाशीपोटीची साखर किती, ती सगळ्यांना पाठ. नातू कॅनडात असतो, मधल्या वारी फोन करत नाही, हे माहीत. साबुदाण्यानं जळजळतं, हे माहीत. माणसाचं नाव माहीत नाही! मग गुगलींना आठवलं, ते म्हणाले होते, खाली गिरणी आहे, दुपारी डोळा लागत नाही.

झालं, तिघं निघाले गिरण्या धुंडाळत. अरण्येश्वर, पद्मावती, सगळीकडे. एसटींनी घरून गव्हाचा डबा घेतला. का, तर रिकाम्या हातानं गिरणीवाल्याला कसं विचारायचं! डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, नंबर आला की विचारायचं, आकाशी कानटोपीवाले कुणी इथे वर राहतात का? नाही म्हटलं की डबा उचलून पुढच्या गिरणीत. एका ठिकाणी गिरणीवाला पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणाला, "ते होय? नाचणी दळायच्या आधी जातं पुसून घ्या म्हणून उभे राहणारे?" तेच! जिना चढून वर गेले, तर कानटोपी काळा चष्मा लावून खुर्चीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन. कर्नल उखडलेच, सांगून जायचं नाही का? तर म्हणाले, "सांगणार कुणाला? तुमची नावं कुठे माहीत आहेत मला?" त्यांच्या सूनबाईंनी चहा केला. आणि वहिनी, त्या सूनबाईंना ह्या सगळ्यांची नावं माहीत होती. कालवा, एसटी, कर्नल, गुगली. घरी रोज जेवताना ह्यांच्याच गोष्टी व्हायच्या म्हणे. एसटींच्या घरी मात्र त्या दिवशी भांडण झालं, काल दळण आणलेलं असताना आज पुन्हा पाच किलो कशाला म्हणून.

त्यानंतर हेडबाईंनी हजेरीची वही केली. चक्क वही, आडव्या रेघांची. खरं नाव, पत्ता, रक्तगट, घरातल्या एकाचा नंबर, कुठली गोळी चालू आहे ती. लागोपाठ दोन दिवस गैरहजेरी झाली की जो जवळ राहतो त्यानं जाऊन यायचं. मागच्या वर्षी मी पुण्याबाहेर गेले होते आणि ह्यांना ताप भरला, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी कर्नल उभे, हातात पेजेचा डबा. तुम्हीच तर दार उघडून दिलंत त्यांना, आठवतंय? तुम्हाला वाटलं होतं पोलीस आले.

नोव्हेंबरात तर मज्जाच असते. हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत रांग लावा, यंत्रावर अंगठा टेकवा, आणि म्हातारपणी बोटं झिजलेली, ठसा उमटत नाही. माणूस समोर धडधाकट उभा आणि यंत्र म्हणतं ओळख पटत नाही. आता २०२१पासून फोनवर चेहरा दाखवून होतं. फोन म्हणतो, डोळे मिचकवा. डोळे मिचकावले की तुम्ही जिवंत. गेल्या वर्षी कर्नलचा दाखला टेकडीवरच्या बाकावर झाला. फोन धरला होता हेडबाईंनी. आता समोर हेडबाई आणि डोळे मिचकवायचे म्हटल्यावर कर्नलचे कान लाल! तीनदा फेल. शेवटी एसटींनी फोन हातात घेतला तेव्हा कुठे सरकारदरबारी जिवंत झाले.

पैशाचं म्हणाल तर तिथे सगळे सारखे नाहीत, हेही सांगते. ह्यांना सरकारी पेन्शन. एसटींचं पेन्शन पीएफमधलं, ते ईपीएस ९५ म्हणतात ना, ते. त्यात कितीतरी लोकांना महिन्याला दोन-तीन हजार मिळतात. किमान रक्कम २०१४ साली एक हजार ठरली. आता एक हजारात काय येतं? सुरुवातीला हॉटेलात जायचं म्हटलं की एसटी नेमके त्याच दिवशी उपासाला असायचे. हेडबाईंच्या लक्षात आलं. तेव्हापासून नियम झाला, रविवारी जे काही खायचं ते कुणाच्या तरी घरी. पाळीपाळीनं. कारण कुणी बोललं नाही, कुणी विचारलंही नाही. आणि सहलीला जायचं ते लाल डब्यातून, कारण तिथे एसटींचा मान. स्वारगेट तर इथून हाकेच्या अंतरावर. गुगली आणि कानटोपी पंचाहत्तरी ओलांडलेले, त्यांना २०२२पासून तिकीटच नाही. हे आणि कर्नल पासष्टच्या पुढचे, अर्धं. हेडबाईंना आणि मला बायका म्हणून अर्धं. वाईला गेलो होतो, तेव्हा गाडीत पूर्ण तिकीट काढणारा आमच्यात एकच माणूस, टोळक्यातला सगळ्यात लहान, बासष्टचा. सगळे त्याला आशीर्वाद देत होते, लवकर मोठा हो म्हणून. भाऊजी आले की त्याला जोडीदार मिळेल.

आता एक नाजूक बोलते. तुमच्या प्राजक्ताचं. थांबा, आधीच डोळे मोठे करू नका. भिंतीबाहेर गेलेल्या फांदीवरची फुलं सकाळी नाहीशी होतात म्हणून तुम्ही परवा पाटी लावलीत ना, 'फुले तोडू नयेत'? चोर मला माहीत आहे. अहो, मी स्वतः पकडलाय. गेल्या श्रावणात. टोळक्यातलेच, 'मफलर'. पाच चाळीसला कोपऱ्यावर ह्यांची वाट बघत उभे राहतात आणि तेवढ्यात काठीनं फांदी हलवतात. तोडत नाहीत हो, खाली दुधाची पिशवी कापून पसरायची, फांदी हलवायची, पडलेली गोळा करायची. मी खिडकीतून म्हटलं, "काका, फुलं कुणाच्या देवाला?" तर असे दचकले, पिशवीच सांडली. मग आम्ही दोघांनी मिळून वेचली. बायको गेली त्यांची, टाळेबंदीच्या आदल्या वर्षी. तिला प्राजक्त लागायचा, म्हणून सवय राहिली म्हणाले.

पण ऐका तर. आता ती फुलं त्यांच्या घरी जात नाहीत. पानाच्या द्रोणात बांधून थेट टेकडीवर. हेडबाईंच्या हातात.

हळू बोला! तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे.

अहो, हेडबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दोघंही मोकळी. चालताना आधी सगळ्यांच्या पुढे असायची, आता बरोबर वीस पावलं मागे. गुगली मुद्दाम बुटाची लेस बांधायला थांबत नाहीत, तेवढं कळतं सगळ्यांना. कुणी चिडवत नाही. मी आपली एकदा हेडबाईंना विचारलंच, पुढचा काही विचार? तर हसल्या आणि हिशेबच मांडला त्यांनी. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन येतं. पुन्हा लग्न केलं की ते बंद. शिवाय मुलाला फ्लॅटची काळजी, सुनेला लोकांची. "त्यापेक्षा आहे हेच बरं आहे," म्हणाल्या. पुण्यात आता ज्येष्ठांनी लग्नाशिवाय एकत्र राहावं म्हणून काम करणारं मंडळसुद्धा आहे, मी सुचवलं. तर म्हणाल्या, "एकत्र राहायचं म्हणजे पुन्हा दोघांचा स्वयंपाक. नको बाई." मला पटलं ते.

मध्ये मफलर आठ दिवस मुलीकडे बंगळूरला गेले होते. कोपऱ्यावर कोण उभं होतं सांगू? हेडबाई. त्या मुक्तांगण शाळेच्या बाजूला राहतात, त्यांचा तो रस्ताच नाही. मला खिडकीत बघून म्हणाल्या, "यंदा बहर चांगला आहे हो." म्हटलं, शेजारणीचा आहे, घ्या वेचून.

तेव्हा ती पाटी काढाच तुम्ही. आणि फांदी छाटायला माळी बोलावणार होतात ना, त्याला सांगा, दिवाळीनंतर ये. भाऊजींना उद्या बरोबर पाच चाळीसला फाटकाशी उभं करा, जुने बूट घालून. नव्यानं फोड येतात आणि मग दुसऱ्या दिवशी येत नाहीत माणसं. आणि यातलं एक अक्षर त्यांना सांगू नका बरं का. पुरुषांच्या पोटात काही राहत नाही, पहिल्याच चढावर हेडबाईंना विचारून बसतील.